ट्रकच्या ॲव्हरेजसाठी घरगुती हायड्रोजन किट: गाडीला हात लावण्यापूर्वी करायचे प्रयोग

मालवाहतुकीच्या धंद्यात डिझेलचा खर्च एवढा मोठा असतो, की 'पाण्यातून निघणाऱ्या गॅसवर गाडीचे ॲव्हरेज वाढते' असे कोणी म्हणाले तर ट्रकमालक थांबून ऐकतोच. स्टीलच्या पत्र्यांचा एक डबा, त्यात कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, एक तीव्र अल्कली) घातलेले पाणी, बॅटरीवरून आलेल्या दोन जाड वायरी आणि इंजिनच्या हवेच्या होजमध्ये सोडलेली एक बारीक नळी, एवढ्या सामग्रीवर १० ते ३० टक्के डिझेल वाचते, असा दावा केला जातो. हा दावा स्वतः तपासून पाहण्याची पद्धत या लेखात क्रमाने दिली आहे. माझे मत मी सुरुवातीलाच सांगतो. ट्रकच्याच अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनच्या शक्तीवर फिरणाऱ्या जनित्राच्या, विजेवर चालणाऱ्या अशा किटमुळे डिझेल वाचत नाही, उलट थोडे अधिक जळते. मात्र हे मत कोणी माझ्या शब्दावर मान्य करावे अशी माझी अपेक्षा नाही, कारण पाण्याचे विजेने विघटन करणारा टेबलावरचा एक छोटा सेल, एक मीटर, एक वजनकाटा आणि चार दिवसांचा संयम असला तर कोणालाही याचे उत्तर आकड्यांत मिळवता येते.

एक गोंधळ आधीच दूर केलेला बरा. मार्च २०२५ मध्ये टाटा मोटर्सने हायड्रोजनवर चालणाऱ्या ट्रकच्या चाचण्या भारतात सुरू केल्या आणि मुंबई-पुण्याचा परिसरही त्या चाचण्यांच्या मार्गांत आहे. त्या ट्रकमध्ये बाहेर तयार केलेला हायड्रोजन दाबाखालच्या टाक्यांत भरून आणला जातो आणि तोच गाडीचे मुख्य इंधन असतो. आपण ज्या किटबद्दल बोलत आहोत ते चालत्या गाडीवर, गाडीच्याच विजेने, पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण तयार करते. या मिश्रणाला बाजारात एचएचओ किंवा ब्राउन गॅस म्हणतात. या दोन गोष्टींत नावापलीकडे साम्य नाही.

पहिली पायरी: टेबलावरचा सेल

पहिला प्रयोग गाडीपासून दूर, हवेशीर अंगणात किंवा पडवीत करावा. त्यासाठी ३१६एल प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या तळहाताएवढ्या दोन पट्ट्या, प्लास्टिकचा रुंद तोंडाचा डबा, डिस्टिल्ड वॉटर, थोडे कॉस्टिक पोटॅश, प्लास्टिकचा २५० मिलिलिटरचा मोजपात्र-सिलिंडर आणि विद्युतप्रवाह मर्यादित करता येणारा डीसी पॉवर सप्लाय लागतो. पॉवर सप्लाय मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो तसला चालतो. ट्रकची बॅटरी मात्र या प्रयोगासाठी वापरू नये. दोन पट्ट्या चुकून एकमेकींना टेकल्या तर ती क्षणात शेकडो अँपिअर देते आणि त्याच ठिणगीने जमलेला गॅस पेटतो.

कॉस्टिक पोटॅश हाताळताना डोळ्यांवर बंद चष्मा आणि हातात रबरी मोजे असलेच पाहिजेत. नेहमी पाण्यात पोटॅश थोडे थोडे टाकावे. पोटॅशवर पाणी ओतले तर ते उसळते आणि अंगावर उडते. एक लिटर पाण्याला १० ते २० ग्रॅम पुरेसे होते. द्रावण त्वचेवर पडले तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावे आणि डोळ्यात गेले तर धुता धुताच दवाखाना गाठावा. काही जण पोटॅशऐवजी मीठ किंवा खाण्याचा सोडा टाकायला सुचवतात, दोन्ही टाळावेत. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन वायू निघतो आणि सोड्यामुळे कार्बन डायऑक्साइड मिसळून मोजमापच खोटे ठरते. कोणत्याही द्रावणाला काही दिवसांनी पिवळसर रंग येऊ लागला, तर स्टीलमधील क्रोमियम विषारी रूपात विरघळू लागले आहे असे समजून प्रयोग तेथेच थांबवावा.

आता मोजणी. सप्लायचा प्रवाह २ अँपिअरवर ठेवावा. सेलमधून निघणारी नळी पाण्याच्या बादलीत उलट्या धरलेल्या सिलिंडरखाली सोडावी आणि ५ मिनिटांत किती मिलिलिटर वायू जमतो ते लिहून ठेवावे. एका वेळी २५० मिलिलिटरपेक्षा जास्त वायू कधीही जमवू नये आणि मोजून झाला की तो मोकळ्या हवेत सोडून द्यावा. पेटवून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन हे पूर्ण जळण्यासाठी लागणारे तंतोतंत प्रमाण असल्यामुळे हे मिश्रण नुसते जळत नाही, तर स्फोट पावते. अंगावरच्या कपड्यांच्या घर्षणातून निर्माण होणारी, डोळ्यांना दिसतही नाही अशी ठिणगी त्याला पुरते. याच कारणाने हा वायू बाटलीत, फुग्यात किंवा ट्यूबमध्ये साठवणे ही कोणत्याही परिस्थितीत करण्याजोगी गोष्ट नाही.

मायकेल फॅरेडे यांनी १८३० च्या दशकात दाखवून दिले, की विद्युतविच्छेदनात, म्हणजे विजेने पदार्थाचे घटक वेगळे करताना, किती पदार्थ सुटा होईल हे फक्त किती विद्युतभार वाहिला यावर ठरते. पत्रे कसे घासले, वीज कोणत्या लयीत सोडली, पाण्यात काय मिसळले यांनी त्यात वाढ होत नाही. एका सेलमधून एक अँपिअर प्रवाह एक मिनिट गेला, तर २५ अंश तापमानाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला दोन्ही वायू मिळून सुमारे ११.४ मिलिलिटर वायू मिळतो. २ अँपिअरवर ५ मिनिटांत म्हणूनच ११४ मिलिलिटर यायला हवेत.

पुण्यात बसून हा प्रयोग केला तर आकडा १३० च्या आसपास येईल, आणि येथेच अनेकांची पहिली फसगत होते. नियमापेक्षा जास्त गॅस निघाला असा भास होतो. प्रत्यक्षात पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर असल्याने तेथे हवेचा दाब कमी असतो, ३० अंश तापमानाला वायू थोडा अधिक फुगतो आणि पाण्यावर जमवलेल्या वायूत पाण्याची वाफही मिसळलेली असते. सेल तापून ६० अंशांपर्यंत गेला तर सिलिंडरमध्ये दिसणाऱ्या वायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा ही नुसती वाफ असू शकते. किट विकणारा 'आमचा सेल मिनिटाला इतके लिटर देतो' असे म्हणाला, तर पहिला प्रश्न प्रवाह किती, दुसरा सेल किती आणि तिसरा गॅस थंड करून मोजला का, हे तीनही विचारावेत.

दुसरी पायरी: कागदावरचा हिशेब

टेबलावरचा आकडा नियमाशी जुळला, की त्याच नियमाने ट्रकचा हिशेब मांडता येतो. या पायरीवर घाई करू नये असे मला कळकळीने सांगायचे आहे, कारण सगळा निकाल येथेच दिसतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

ट्रकची वीज २४ व्होल्टची म्हणतात, पण इंजिन चालू असताना अल्टरनेटर सुमारे २८ व्होल्ट देतो. पाण्याच्या विघटनासाठी प्रत्येक सेलला प्रत्यक्षात २ व्होल्टच्या थोडे वर लागत असल्याने १३ सेल एकापुढे एक जोडले तर जोडणी नीट बसते. २० अँपिअर प्रवाह धरला, तर २० गुणिले १३ गुणिले ११.४, म्हणजे मिनिटाला जवळपास ३ लिटर वायू तयार होतो. यातला हायड्रोजन २ लिटर. हे किट चांगल्यापैकी मोठे झाले. बाजारातली बरीच किट याहून लहान असतात.

या किटला लागणारी वीज २८ गुणिले २०, म्हणजे ५६० वॅट. तयार झालेल्या हायड्रोजनची जळताना मिळणारी उष्णता सुमारे ३२५ वॅट. म्हणजे सेलमध्येच चाळीस टक्क्यांहून अधिक गेले. आता ही वीज आली कोठून ते पाहावे. ट्रकचा अल्टरनेटर पट्ट्यावरून इंजिनकडून शक्ती घेतो आणि त्यातली साधारण ५५ टक्केच वीज म्हणून परत देतो. म्हणजे इंजिनवर सुमारे १,००० वॅटचा बोजा पडतो. डिझेल इंजिन इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे ३८ टक्के कामात रूपांतरित करते असे धरले, तर एवढ्या बोजासाठी सुमारे २,७०० वॅट उष्णतेचे डिझेल जाळावे लागते. थोडक्यात, २,७०० वॅटचे डिझेल देऊन ३२५ वॅटचा हायड्रोजन विकत घेतला. आठास एक हा या सौद्याचा भाव आहे.

हे प्रमाण ट्रकच्या एकूण खपाशी ताडून पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने, लिटरला ४ किलोमीटर ॲव्हरेज देणारा ट्रक तासाला साडेबारा लिटर डिझेल पितो. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल उष्णता असते, म्हणजे इंजिनला सतत १२५ किलोवॅट उष्णता मिळत असते. त्या तुलनेत किटची वीज खपात सुमारे २ टक्क्यांची भर टाकते आणि हायड्रोजन पाव टक्का परत करतो.

यावर नेहमी एक उत्तर दिले जाते, आणि ते गंभीरपणे घेण्यासारखे आहे. हायड्रोजन इंधन म्हणून दिलाच जात नाही, तो डिझेलचे ज्वलन पूर्ण करायला मदत करतो, असे म्हटले जाते. ही कल्पना हवेतून आलेली नाही. हायड्रोजनची ज्योत वेगाने पसरते हे खरे आहे, आणि १९७० च्या दशकात नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने पेट्रोल इंजिनमध्ये हायड्रोजन मिसळून, विरळ मिश्रणावर इंजिन चालवण्याचे प्रयोग केले होते. पण तेथे हायड्रोजन अल्टरनेटरच्या विजेने पाण्यातून काढलेला नव्हता. तो पेट्रोलवरच रासायनिक प्रक्रिया करून मिळवला जात होता आणि त्याचे प्रमाणही या किटच्या कित्येक पट होते.

आपल्या ट्रकमध्ये हे प्रमाण किती पडते? ५.९ लिटरचे चार स्ट्रोकचे इंजिन १,५०० फेऱ्यांवर, टर्बोचा दाब जमेस न धरता, मिनिटाला सुमारे ४,४०० लिटर हवा ओढते. तिच्यात २ लिटर हायड्रोजन म्हणजे ०.०५ टक्क्यांपेक्षाही कमी. हवेत हायड्रोजनची स्वतःची ज्योत टिकायला किमान ४ टक्के हायड्रोजन असावा लागतो. येथे त्याचा नव्वदावा हिस्सासुद्धा जेमतेम आहे. शिवाय सुस्थितीतल्या डिझेल इंजिनमध्ये आत गेलेल्या इंधनापैकी ९८ टक्क्यांहून अधिक इंधन आधीच जळून जाते. जे जळायचे राहतेच जेमतेम एक-दोन टक्के, ते पूर्ण जाळून २० टक्के बचत निघणार कोठून? इंजिनचा तोटा न जळालेल्या डिझेलमध्ये नसतो. तो सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून जाणाऱ्या उष्णतेत असतो, आणि ती उष्णता हायड्रोजनने अडवता येत नाही.

तिसरी पायरी: डिझेल मोजण्याची पद्धत आधी बसवावी

कागद बाजूला ठेवून रस्त्यावर उतरायचे असेल, तर किट घेण्यापूर्वी मोजमापाची पद्धत बसवावी लागते. आपल्याकडे टाकी फुल्ल करून पुन्हा फुल्ल करण्याची पद्धत रूढ आहे. महिन्याच्या हिशेबाला ती चांगली आहे, पण दोन टक्क्यांचा फरक तिच्यात दिसत नाही. पंपावरची जमीन थोडी तिरकी असली, डिझेलला फेस आला, नोझल वेगळ्या क्षणी बंद झाले, की दोन-तीन लिटरचा फरक सहज पडतो. डिझेल तापले की फुगते. तापमानात १० अंशांचा फरक पडला तर आकारमान सुमारे ०.८ टक्क्याने बदलते. सकाळी भरलेले आणि दुपारी भरलेले डिझेल लिटरमध्ये सारखे दिसले तरी वजनात सारखे नसते.

म्हणून डिझेल वजन करून मोजावे. ३५ ते ४० लिटरचा मजबूत कॅन चेसिसवर पक्का बांधावा आणि इंजिनकडे जाणारी लाइन व इंजिनकडून परत येणारी लाइन, या दोन्ही कॉकच्या साहाय्याने त्या कॅनवर वळवाव्यात. परतीची लाइन मुख्य टाकीतच राहिली तर इंजिनने न वापरलेले डिझेल तिकडे साठत राहते आणि हिशेब पूर्णपणे चुकतो. ही चूक फार वेळा होते. लाइनमधली हवा काढणे, सील तपासणे आणि गळती पाहणे ही कामे अनुभवी डिझेल मेकॅनिककडूनच करून घ्यावीत. कॉमन रेल (सामाईक नळीतून उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनमध्ये लाइनला कचरा किंवा हवा लागली तर इंजेक्टरचा खर्च साऱ्या प्रयोगाहून मोठा होतो. १० ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर फेरीआधी आणि फेरीनंतर कॅनचे वजन करावे. ६० किलोमीटरच्या फेरीला साधारण साडेबारा किलो डिझेल लागते, त्यात १० ग्रॅमची चूक म्हणजे ०.१ टक्काही नव्हे.

रस्ता सपाट आणि कमी गर्दीचा निवडावा. पुणे-सोलापूर महामार्गावरचा भिगवण ते इंदापूर यासारखा टप्पा चालेल. खंबाटकी किंवा कसारा घाट मध्ये आला, तर एका ओव्हरटेकने आणि एका गिअरने सगळे आकडे बदलतात. जाऊन-येऊन एकच फेरी धरावी, म्हणजे वाऱ्याचा आणि चढ-उताराचा परिणाम बराचसा एकमेकांना खोडतो. इंजिन आणि टायर तापण्यासाठी आधी अर्धा-पाऊण तास गाडी चालवून घ्यावी. चालक तोच, वेग ठरलेला, ताडपत्री सारखीच बांधलेली, लोड वजनकाट्यावर तपासलेला आणि टायरमधली हवा थंड असताना मोजलेली हवी.

एवढे करूनही हवामान आणि वाहतूक आपल्या हातात नसते. त्याला उपाय म्हणजे जोडीचा ट्रक. अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सची जे-१३२१ ही ट्रकच्या इंधनखपाची चाचणीपद्धत याच कल्पनेवर उभी आहे. त्याच जातीचा दुसरा ट्रक, तेवढाच लोड घेऊन, काही मिनिटांच्या अंतराने त्याच रस्त्यावर चालवायचा आणि त्याला संपूर्ण चाचणीत कोणताही बदल करायचा नाही. प्रत्येक फेरीत आपल्या ट्रकच्या डिझेलला जोडीच्या ट्रकच्या डिझेलने भागायचे आणि तुलना या गुणोत्तरांची करायची.

उदाहरणादाखल समजा, किट नसताना आपल्या ट्रकला १२.६० किलो आणि जोडीच्या ट्रकला १२.४० किलो डिझेल लागले, तर गुणोत्तर १.०१६. दुसऱ्या दिवशी समोरून वारा होता. किट चालू असताना आपल्याला १२.९० आणि जोडीला १२.७५ किलो लागले, तर गुणोत्तर १.०१२. जोडीचा ट्रक नसता तर किटने डिझेल २.४ टक्के वाढवले असे वाटले असते. गुणोत्तर पाहता फरक अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. आणि तोही खरा की योगायोगाचा, हे ठरवायला काहीही न बदलता केलेल्या किमान तीन, शक्यतो पाच फेऱ्यांची गुणोत्तरे एकमेकांपासून किती लांब पडतात ते आधी माहीत असावे लागते. ती आपसांतच एक टक्क्याने इकडेतिकडे होत असतील, तर अर्ध्या टक्क्याच्या बचतीला काही अर्थ उरत नाही.

चौथी पायरी: बल्बचा प्रयोग

मला या सगळ्यात हा प्रयोग सर्वांत आवडतो, कारण त्यात गॅस नाही, पोटॅश नाही आणि धोकाही जवळपास नाही. ७० वॅटचे, २४ व्होल्टचे आठ हॅलोजन बल्ब एका पत्र्याच्या चौकटीवर मोकळ्या हवेत बसवावेत, योग्य जाडीची वायर, रिले आणि ३० अँपिअरचा फ्यूज घालून ते गाडीच्या वीजपुरवठ्याला जोडावेत, आणि टाँग टेस्टरने (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) प्रवाह २० अँपिअरच्या आसपास आहे याची खात्री करावी. मोठे हायड्रोजन किट अल्टरनेटरवर जेवढा बोजा टाकते, तेवढाच हे बल्ब टाकतात. आधी अल्टरनेटर तेवढा भार पेलण्याइतका मोठा आहे ना, ते वायरमनकडून पाहून घ्यावे.

आता बल्ब बंद ठेवून तीन फेऱ्या, चालू ठेवून तीन आणि पुन्हा बंद ठेवून तीन फेऱ्या कराव्यात. शेवटच्या तीन फेऱ्या कंटाळून गाळू नयेत. पहिल्या आणि शेवटच्या तीन फेऱ्यांची गुणोत्तरे जुळली तरच मधला फरक बल्बचा आहे असे म्हणता येते. आपली मोजणी नीट बसली असेल, तर खप दोन टक्क्यांच्या आसपास वाढलेला दिसेल. हायड्रोजनने किमान केवढे वाचवले पाहिजे, म्हणजे तो नुसता बरोबरीत येईल, हे या आकड्यावरून कळते. मोजणीत हे दोन टक्के दिसलेच नाहीत, तर पद्धत अजून पुरेशी बारीक नाही आणि पुढचा कोणताही निकाल त्या पद्धतीने काढू नये.

पाचवी पायरी: गॅसचा प्रयोग करायचाच असेल तर स्थिर इंजिनावर

हायड्रोजनचा इंजिनवरचा प्रत्यक्ष परिणाम पाहायचा असेल, तर रस्त्यावरचा ट्रक ही त्याची जागा नाही. तंत्रनिकेतनांच्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत १,५०० फेऱ्यांवर चालणारे पाच अश्वशक्तीचे एक सिलिंडरचे डिझेल इंजिन, त्यावर भार टाकणारा ब्रेक आणि डिझेल मोजण्याचे ब्युरेट असे असतेच. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाच्या रूपाने हा प्रयोग तेथे चांगला होऊ शकतो.

ब्युरेट वाचताना एक काळजी घ्यावी. पूर्ण भारावर हे इंजिन तासाला सुमारे १.३ ते १.४ लिटर डिझेल घेते, त्यामुळे १० मिलिलिटर संपायला २६-२७ सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबण्यात अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी दोन टक्के हलले. म्हणून किमान ५० मिलिलिटर मोजावेत आणि प्रत्येक भारावर पाच वाचने घ्यावीत.

याच जागी एक गोष्ट फार लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. हे इंजिन लहान असल्याने ३ लिटरच्या त्याच किटचा हायड्रोजन येथे इंधनाच्या उष्णतेचा दोन-अडीच टक्के वाटा देतो, आणि अर्ध्या भारावर तर तो आणखी मोठा होतो. ब्युरेटमधले डिझेल खरोखरच कमी खपलेले दिसेल. यात खोटे काही नाही. पण सेलची वीज भिंतीवरच्या प्लगमधून किंवा वेगळ्या चार्ज केलेल्या बॅटरीतून आली असेल, तर ते ५६० वॅट कोणी मोजलेच नाहीत. डिझेलच्या रकान्यात बचत दिसते आणि विजेचा रकाना कोराच राहतो. सेलच्या वायरीवर वॉटमीटर लावून ती वीज अल्टरनेटर आणि इंजिनच्या कार्यक्षमतेने भागून डिझेलमध्ये बदलावी आणि त्याच तक्त्यात खपाच्या बाजूला लिहावी. चांगल्या हेतूने केलेले अहवालसुद्धा या एका कोऱ्या रकान्यामुळे चुकीच्या निष्कर्षाला जाऊ शकतात.

सेल आणि इंजिन यांच्यामध्ये पाण्याचे बबलर आणि ज्योत मागे येऊ न देणारा अरेस्टर, दोन्ही असावेत. इंजिन बंद पडले तर सेलची वीज आपोआप तुटली पाहिजे, आणि हे नुसत्या चावीवर सोडता येत नाही, कारण चावी चालू ठेवून इंजिन बंद राहू शकते. त्यासाठी रिले ऑइल प्रेशर स्विचवरून घ्यावा. अन्यथा गॅस इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये साचत राहतो आणि पुढच्या स्टार्टला तेथेच पेटतो.

ट्रकवर बसवू नये, याची कारणे

इतके आकडे पाहूनही कोणाला किट ट्रकवर चढवायचेच असेल, तर मी त्याला साफ नको म्हणेन. गॅसबरोबर कॉस्टिक पोटॅशचे बारीक तुषार जातात आणि ते ॲल्युमिनिअम खातात. टर्बोचे हवेच्या बाजूचे चक्र, इंटरकूलर आणि पिस्टन हे सगळे सहसा ॲल्युमिनिअमचेच असतात. १ एप्रिल २०२० पासून नोंदल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांत धुराच्या मार्गावर नायट्रोजनची ऑक्साइडे मोजणारा नॉक्स सेन्सर, फिल्टर आणि युरियाची यंत्रणा आहे. तिच्याशी खेळ झाला की कंपनीची वॉरंटी वादात सापडते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. अपघात किंवा आग झाली, तर केबिनमागे हायड्रोजन तयार करणारा डबा का होता, याचे उत्तर विमा कंपनीला मालकालाच द्यावे लागेल. पेट्रोल, डिझेल, गॅस किंवा रसायने वाहणाऱ्या टँकरच्या बाबतीत तर हा विचारही मनात आणू नये.

बसवलेल्या किटने खरोखर ॲव्हरेज वाढले असे शपथेवर सांगणारे चालक आणि मालक भेटतात, आणि ते खोटे बोलत नसतात. किट बसवताना गाडी गॅरेजमध्ये उभी राहते, तेव्हा एअर फिल्टर साफ होतो, टायरमध्ये हवा भरली जाते, कधी इंजेक्टरही तपासले जातात. त्यानंतर आठवडाभर सगळ्यांचे लक्ष ॲव्हरेजवर असते, त्यामुळे चालक नकळत पाय हलका ठेवतो आणि हॉटेलसमोर इंजिन चालू सोडत नाही. ही बचत खरीच असते. फक्त ती डब्यातून आलेली नसते. हे तपासायला सोपा मार्ग आहे: किटची वीज एका लपवलेल्या स्विचवर घ्यायची आणि कोणत्या दिवशी ते चालू आहे हे चालकाला कळू द्यायचे नाही.

या बाबतीतला जुना अनुभवही ध्यानात ठेवावा. अमेरिकेतील ओहायो राज्याचे स्टॅनले मेयर यांनी पाण्यावर गाडी चालवल्याचा दावा केला होता. १९९६ मध्ये तेथील न्यायालयाने त्यांचा सेल म्हणजे साधे विद्युतविच्छेदन असल्याचे तज्ज्ञांच्या तपासणीवरून मान्य केले आणि गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे तपासली आहेत, आणि ॲव्हरेजमध्ये लक्षणीय वाढ करणारे एकही तिला आढळलेले नाही.

प्रयोग संपल्यावर

उरलेले द्रावण गटारात किंवा शेतात ओतू नये. रंगहीन असेल तर मोज्या-चष्म्यासह, भरपूर पाण्यात विरळ करून, व्हिनेगर थोडे थोडे टाकत लिटमस कागदावर उदासीन होईपर्यंत न्यावे. पिवळे झाले असेल तर त्यात क्रोमियम आहे असे समजून झाकणबंद प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवावे आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे.

डिझेल मोजण्याचा कॅन, काटा आणि जोडीच्या ट्रकची गुणोत्तरे मात्र तशीच ठेवावीत. टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा १५ पौंडांनी कमी ठेवून तीन फेऱ्या आणि बरोबर ठेवून तीन फेऱ्या, एवढेच याच पद्धतीने करून पाहावे. कमी हवेच्या फेऱ्या सपाट रस्त्यावर, हलक्या लोडवर आणि टायर किती तापतो ते मध्ये थांबून पाहत कराव्यात. त्यानंतर ताशी ६० आणि ताशी ७० किलोमीटर या दोन वेगांची तुलना करावी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्याने या १० किलोमीटरमध्ये तो एक-तृतीयांशाहून जास्त वाढतो, आणि काट्यावर तो फरक जोडीच्या ट्रकशिवायसुद्धा दिसण्याइतका मोठा असतो.